प्रीमियरमधून आफ्टर इफेक्ट्समध्ये क्लिप कशा न्यायच्या (पालखीच्या व्हिडिओवरून)

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या शिमग्याचा १४ मिनिटांचा व्हिडिओ प्रीमियर प्रोमध्ये कापून झालाय, पालखी सहाणेवरून (पालखी बसवतात त्या चौथऱ्यावरून) निघते तिथपासून खूण काढेपर्यंत (जमिनीत लपवलेली खूण पालखीने शोधेपर्यंत) सगळं, आणि आता त्यातल्या आठ-दहा शॉटवर मोशन ग्राफिक्स करायचंय. वाडीवाडीचा नकाशा, मानकऱ्यांच्या नावाच्या पट्ट्या, ढोलाच्या ठोक्यावर येणारी अक्षरं. त्यासाठी तू सगळी टाइमलाइन सिलेक्ट करून आफ्टर इफेक्ट्समध्ये टाकलीस आणि लॅपटॉप बसला, पट्ट्यांवरची जोडाक्षरं फुटली, आणि आता प्रीमियरमध्ये मूळ कट राहिलाच नाही, सगळ्याची मिळून एकच लांब क्लिप झालीय. मित्राचं एडिट डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याचं काय तेही विचारलंयस.

वाईच थांब, आधी ती लांब क्लिप सोडव. सॉफ्टवेअर बंद केलं नसशील तर प्रीमियरमध्ये कंट्रोल झेड मारत मारत मागे जा, मूळ कट परत येतील. बंद केलं असशील तर प्रोजेक्टच्या जागेजवळ ऑटो सेव्हचा फोल्डर असतो त्यातली त्याआधीच्या वेळेची फाइल उघड. तू रात्रभर बसून केलेलं कटिंग बहुतेक तिथे सापडेल, सगळं परत करायला घेऊ नकोस.

आता लॅपटॉप का बसला ते समजून घे कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. प्रीमियरचं काम असतं भरपूर फुटेज पटापट पुढे सरकवणं, एका वेळी एक-दोन ट्रॅक उघडायचे आणि दाखवायचे. आफ्टर इफेक्ट्स तसं बनलेलंच नाही, ते एकेक फ्रेम सुटी करून, सगळे लेयर एकावर एक रचून, पूर्ण हिशोब करून मेमरीत ठेवतं आणि मग दाखवतं. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम ८ बिटमध्ये साधारण ८ एमबी होते, २५ फ्रेमने सेकंदाला २०० एमबीच्या वर, मिनिटाला १२ जीबी. तुझी १४ मिनिटं म्हणजे पावणेदोनशे जीबीच्या आसपास, आणि ड्रोनचं फुटेज फोरकेमध्ये ठेवलं असशील तर तेवढ्या भागाला चौपट. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप त्यात काय करणार. लॅपटॉपची चूक नाही.

दोन्ही सॉफ्टवेअर आज एकाच कंपनीची असली तरी एका घरात जन्मलेली नाहीत. प्रीमियर अडोबीने १९९१ मध्ये काढलं, आफ्टर इफेक्ट्स १९९३ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावातल्या एका छोट्या कंपनीने काढलं, ती कंपनी आल्डसने घेतली आणि मग १९९४ मध्ये आल्डसच अडोबीत गेली. दोघांना जोडणारी डायनॅमिक लिंक २००६ मध्ये आली. म्हणून एकाचा ट्रॅक तो दुसऱ्याचा लेयर, असं भाषांतर दरवेळी करावं लागतं आणि भाषांतरात काही गोष्टी सांडतातच. काय सांडतं ते माहीत असलं की त्रास होत नाही.

तर माझा पहिला आग्रह हा की कटिंग पूर्ण लॉक झाल्याशिवाय एकही क्लिप तिकडे पाठवायची नाही. गावच्या व्हिडिओत हे जास्तच लागू आहे, कारण कोणीतरी मुंबईहून फोन करून सांगणारच की आमच्या घरासमोर पालखी नाचली तो भाग वाढव, आणि मग तू केलेलं सगळं ग्राफिक सरकतं. आधी बिनग्राफिकचा व्हिडिओ चार मोठ्या माणसांना दाखवून घे, त्यांचं काय ते ऐक, मग सिक्वेन्स (तुझी कापलेली टाइमलाइन) डुप्लिकेट कर आणि त्या डुप्लिकेटवर काम सुरू कर. मूळ सिक्वेन्सला हात लावायचा नाही.

दुसरं, फोनचं फुटेज. रात्री पालखीत घुसून शूट केलेलं सगळं फोनवरचंच असणार, आणि फोन बहुतेक वेळा फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की फ्रेम कमी-जास्त होतात. प्रीमियर हे सांभाळून घेतं, एई (आफ्टर इफेक्ट्स) तितकं घेत नाही, मग तिकडे गेल्यावर क्लिप दोनचार फ्रेम सरकलेली दिसते आणि ढोलावर बसवलेलं अक्षर ठोक्याच्या नंतर येतं. यावर उपाय म्हणजे एडिट सुरू करायच्या आधीच हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (स्थिर) फ्रेमरेट निवडून सगळ्या फोनच्या क्लिप बदलून घेणं. आता तुझं कटिंग झालेलं आहे म्हणून ज्या आठ-दहा क्लिप न्यायच्यात तेवढ्याच बदल आणि प्रीमियरमध्ये त्या क्लिपवर रिप्लेस फुटेज करून नवीन फाइल दे, इन आणि आउट (क्लिप सुरू आणि संपायच्या जागा) एकदा डोळ्यांनी तपास.

तिसरं थोडक्यात. फोरकेची क्लिप फुल एचडीच्या सिक्वेन्समध्ये बसवताना स्केल टू फ्रेम साइज वापरू नकोस, सेट टू फ्रेम साइज वापर, म्हणजे तो आकडा साध्या स्केलमध्ये दिसतो आणि एईमध्ये तसाच जातो. मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांची एकत्र क्लिप) वापरला असशील तर आधी फ्लॅटन कर, म्हणजे निवडलेल्या कॅमेऱ्याची साधी क्लिप उरते. आणि दोन्ही सॉफ्टवेअरचं व्हर्जन एकच हवं, एक जुनं आणि एक नवीन असं असेल तर लिंक लागतच नाही आणि माणूस उगाच सेटिंग शोधत बसतो.

आता न्यायचं कसं. रस्ते तीन आहेत पण तुझ्या कामाला पहिला रस्ता जास्त लागेल.

रिप्लेस विथ आफ्टर इफेक्ट्स कॉम्पोझिशन. क्लिपवर राइट क्लिक केलं की येतं. तू हेच केलंस, फक्त सगळ्या क्लिप एकदम घेऊन, आणि एकदम घेतल्या की त्या सगळ्यांची मिळून एकच कॉम्प (कॉम्पोझिशन, म्हणजे एईमधली टाइमलाइन) होते, म्हणून तुझी ती लांब पट्टी झाली. एकेक शॉट वेगळा घ्यायचा. मी करतो ते असं, ऑल्ट दाबून फक्त व्हिडिओ सिलेक्ट करतो, आवाज प्रीमियरमध्येच राहू देतो कारण एईमध्ये आवाजाचं काम करणं म्हणजे होडी रस्त्यावरून ओढणं, मग ऑल्ट दाबूनच ती क्लिप वरच्या ट्रॅकवर ओढून तिची कॉपी करतो आणि राइट क्लिक करून एनेबलची खूण काढतो. म्हणजे वर मूळ क्लिप झोपलेली राहते आणि खालची एईला जाते. उद्या काही बिघडलं, ग्राफिक नको झालं, लिंक तुटली, तर खालची उडवायची आणि वरची जागी करायची. या एका सवयीने माझी कितीतरी कामं वाचलीत, हे मी कोणालाही सगळ्यात आधी शिकवतो.

पहिल्यांदा रिप्लेस केलंस की एई उघडेल आणि प्रोजेक्ट कुठे सेव्ह करू विचारेल. ते डेस्कटॉपवर टाकू नकोस, प्रीमियरचा प्रोजेक्ट आहे त्याच मुख्य फोल्डरमध्ये ग्राफिक्स नावाचा फोल्डर करून त्यात ठेव आणि मग त्याला हलवू नकोस, नाव बदलू नकोस. आतल्या कॉम्पला मात्र नाव दिलेलं चालतं, आपोआप आलेल्या लिंक्ड कॉम्प ०१, ०२ पेक्षा "खूण काढताना", "वरची वाडी नकाशा" असं ठेवलं की सापडतं, लिंक तुटत नाही, फक्त प्रीमियरच्या प्रोजेक्ट पॅनेलमध्ये जुनंच नाव दिसत राहतं.

इथे एक अडचण आहे ती बऱ्याच जणांना उशिरा कळते. कॉम्पची लांबी तुझ्या कापलेल्या क्लिपएवढीच असते, पुढे-मागे काही शिल्लक नसतं. म्हणजे नंतर तुला तिथे क्रॉस डिझॉल्व्ह (एक शॉट विरत दुसरा येणं) हवा झाला, किंवा शॉट अर्धा सेकंद वाढवायचा झाला, तर ओढायला मटेरियलच नाही. एईमधल्या लेयरच्या आत पूर्ण फुटेज असतं, ते गेलेलं नाही, पण कॉम्प तेवढीच आहे. शेवटाकडून वाढवायचं तर सोपं आहे, कॉम्पोझिशन सेटिंगमध्ये ड्युरेशन वाढव, लेयरचा शेवट ओढ, प्रीमियरमध्ये क्लिप पुढे ओढता येते. सुरुवातीकडून वाढवायचं तर सगळे लेयर कीफ्रेमसकट (हालचालीच्या खुणांसकट) पुढे सरकवावे लागतात आणि तेवढ्याच फ्रेम प्रीमियरमध्ये स्लिप करावं लागतं (क्लिप जागेवर ठेवून आतलं फुटेज सरकवायचं), आणि हे काम रात्री दोन वाजता करताना चूक होतेच. म्हणून पाठवायच्या आधीच, क्लिप एका मोकळ्या ट्रॅकवर उचलून दोन्ही बाजूंनी १२-१२ फ्रेम लांब कर, मग रिप्लेस कर, मग प्रीमियरमध्ये परत मूळ जागेवर ट्रिम कर. अर्धा मिनिट लागतो.

दुसरा रस्ता कॉपी-पेस्ट. एईमध्ये तुझ्या सिक्वेन्सच्या साइजची आणि फ्रेम रेटची कॉम्प कर, प्रीमियरमध्ये क्लिप कॉपी कर, इकडे पेस्ट कर. प्रीमियरमध्ये काहीच बदलत नाही आणि लिंकही लागत नाही, काम झालं की रेंडर काढून वरच्या ट्रॅकवर ठेवायचं. लॅपटॉप कमी ताकदीचा असेल तर मला खरं तर हाच रस्ता बरा वाटतो, लिंक दिसायला सुंदर आहे पण ती चालवायला मागे एई सतत हिशोब करत असतं. तिसरा म्हणजे एईच्या फाइल मेनूत इम्पोर्टमध्ये प्रीमियर प्रो प्रोजेक्ट निवडायचं आणि हवा तो सिक्वेन्स घ्यायचा, सगळा सिक्वेन्स कॉम्प होऊन येतो. आंब्याच्या पेटीची किंवा होमस्टेची ३० सेकंदांची जाहिरात असते, जिच्या प्रत्येक शॉटवर काहीतरी हलतंय, तिथे तो चांगला. १४ मिनिटांच्या पालखीला नाही.

काय नीट जातं आणि काय नाही. पोझिशन, स्केल, ओपॅसिटी आणि त्यांच्या कीफ्रेम व्यवस्थित जातात. क्रॉप केलेलं मास्क होऊन जातं. स्पीड टाइम स्ट्रेच होतो, टाइम रिमॅपिंग तसंच राहतं, फ्रेम होल्ड टाइम रिमॅप होतो. क्रॉस डिझॉल्व्ह ओपॅसिटीच्या कीफ्रेम होऊन येतो पण बाकीच्या ट्रान्झिशनच्या जागी नुसते सॉलिड येतात, म्हणून ट्रान्झिशन प्रीमियरमध्येच ठेव, त्यांना पाठवूच नको. नेस्ट (सिक्वेन्सच्या आत सिक्वेन्स) केलेलं असेल तर कॉम्पच्या आत कॉम्प होते. इफेक्ट दोन्हीकडे असेल तरच जातो, बाहेरून घेतलेला प्लगइन फक्त प्रीमियरमध्ये टाकलेला असेल तर तिकडे तो नसणार. आणि तुझ्या कामाची सगळ्यात उपयोगी गोष्ट, क्लिपवरचे मार्कर लेयर मार्कर होऊन जातात. म्हणजे प्रीमियरमध्ये आवाज ऐकत ऐकत, क्लिप सिलेक्ट करून, ढोलाच्या प्रत्येक जोरदार ठोक्यावर एम दाब, आणि एईमध्ये अक्षरांच्या कीफ्रेम त्या खुणांवर बसव. तिकडे आवाज ऐकत ठोके शोधायला लागलास तर एका शॉटला अख्खी संध्याकाळ जाईल.

रंगाचं काम आधी करून पाठवू नको. लुमेट्री (प्रीमियरचा रंगाचा इफेक्ट) एईमध्येही आहे, जातं, पण हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात गुलाल उडतोय आणि त्यावर तू आधीच कॉन्ट्रास्ट ताणलास तर मास्क आणि ट्रॅकिंग (ग्राफिक हलत्या गोष्टीला चिकटवणं) दोन्ही जड जातं. साधं फुटेज पाठव, आणि प्रीमियरमध्ये सगळ्यात वर ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या सगळ्या क्लिपवर परिणाम करणारा रिकामा लेयर) ठेवून त्यावर रंग कर, म्हणजे लिंकची क्लिप आणि तिच्या शेजारची साधी क्लिप एकसारखी दिसतील. नावाच्या पट्ट्या मात्र त्या ॲडजस्टमेंट लेयरच्याही वरच्या ट्रॅकवर, नाहीतर पट्टीचा भगवा रंग बदलतो. वार्प स्टॅबिलायझर (हलणारा शॉट स्थिर करणारा इफेक्ट) पण एकाच ठिकाणी लाव. बाण किंवा गोल ट्रॅक करायचा असेल तर स्टॅबिलायझर एईमध्ये लाव, प्रीकम्पोझ कर (तो लेयर वेगळ्या कॉम्पमध्ये गुंडाळ), आणि त्यावर ट्रॅकिंग, हाच क्रम. उलटा केलास तर ट्रॅक केलेला बाण पालखीबरोबर न नाचता वेगळाच नाचतो. रात्रीच्या आकाशात पट्टे पट्टे दिसायला लागले तर एईच्या प्रोजेक्ट पॅनेलच्या तळाशी ८ बीपीसी (बिट्स पर चॅनेल) लिहिलंय त्यावर ऑल्ट दाबून क्लिक कर, १६ होईल, मेमरी जास्त खाईल पण पट्टे कमी होतील.

आता फुटलेली जोडाक्षरं, यावर मला मनापासून बोलायचंय कारण गावच्या व्हिडिओत मानकऱ्याचं नाव चुकीचं दिसणं ही लहान गोष्ट नाही, तो मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो आणि तो व्हिडिओ मुंबईतल्या खोल्यांमध्ये वर्षभर बघितला जातो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाणं, "क्ष" चा क आणि ष सुटा दिसणं, हे फॉन्टमुळे कमी आणि टेक्स्ट इंजिनमुळे जास्त होतं. एईमध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाइप आहे, तिथे जुन्या व्हर्जनमध्ये टेक्स्ट इंजिन लॅटिनवर असतं ते साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्नवर कर आणि सॉफ्टवेअर बंद करून परत उघड. प्रीमियरमध्ये हेच प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये मिळेल. आधी लिहून ठेवलेले टेक्स्ट लेयर कधी कधी जुन्याच इंजिनवर राहतात, ते नवीन लेयर करून परत पेस्ट करायचे. फॉन्ट युनिकोडचाच घे. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रिकेवरची नावं कॉपी करून आणलीस तर ती दुसऱ्या फॉन्टमध्ये कचरा दिसतात, ती परत टाइप करावीच लागतात. मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेने केलेले मुक्त (Mukta) आणि बलू (Baloo) हे फॉन्ट फुकट आहेत, जाड वजनातसुद्धा जोडाक्षर भरून जात नाही, पट्टीसाठी मी बहुतेक तेच वापरतो.

आणि नावाच्या पट्ट्यांसाठी क्लिप एईला न्यायची गरजच नाही हे लक्षात घे. एईमध्ये एकदाच पट्टी बनव, इसेन्शियल ग्राफिक्स पॅनेलमध्ये नाव आणि वाडी हे दोन टेक्स्ट ओढून टाक, मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट म्हणून एक्सपोर्ट कर, मोगर्ट म्हणतात ते, २०१७ पासून आहे. मग प्रीमियरमध्ये ती पट्टी २० वेळा टाक आणि प्रत्येक ठिकाणी नाव तिथल्या तिथे बदल. कोणी फोन करून सांगितलं की आमच्या आजोबांचं नाव असं नाही तसं लिहितात, तर दहा सेकंदात दुरुस्त होतं, एई उघडावं लागत नाही. तुझ्या आठ-दहा शॉटमधले निम्मे यातच सुटतील असं मला वाटतं. खरोखर एईला न्यावे लागतील ते नकाशाचे, ढोलाच्या अक्षरांचे, आणि खूण काढतानाचा, जिथे पालखी झुकते ती जागा दाखवायचीय.

प्लेबॅक अडखळत असेल तर ग्राफिक पक्कं झालेल्या क्लिपवर प्रीमियरमध्ये राइट क्लिक करून रेंडर अँड रिप्लेस कर. लिंकच्या जागी तयार व्हिडिओ फाइल येते, आणि बदल करायचा झाला तर रिस्टोअर अनरेंडर्ड करून परत लिंकवर जाता येतं. फॉरमॅट एच.२६४ नको, प्रोरेझ ४२२ (एडिटिंगसाठीचा कमी दाबलेला फॉरमॅट) घे, विंडोजवर २०१८ च्या डिसेंबरपासून प्रोरेझ काढता येतं. मागचं पारदर्शक हवं असेल तर प्रोरेझ ४४४४ आणि आरजीबी प्लस अल्फा (अल्फा म्हणजे पारदर्शकतेची माहिती). अक्षरांच्या कडेला काळी रेघ दिसली तर अल्फा स्ट्रेट का प्रीमल्टिप्लाइड हे रेंडर करताना आणि घेताना जुळलेलं नाही, दुसरं काही नाही.

एका वर्षी माझ्याबरोबर झालेलं सांगतो. सगळं एडिट बाहेरच्या हार्डडिस्कवर होतं, देवळासमोर पडद्यावर दाखवायचं होतं, मी डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली आणि तिथे तिला वेगळं ड्राइव्ह अक्षर मिळालं. सगळ्या लिंक ऑफलाइन. त्या लॅपटॉपवर एई नव्हतंच, असतं तरी व्हर्जन जुळलं नसतं, आणि लाइट जाऊन-येऊन होती. लोक जमलेले, आणि मी झोपवलेल्या मूळ क्लिप एकेक जाग्या करून बिनग्राफिकचा व्हिडिओ लावला. लोकांनी आनंदाने बघितला, मला मात्र रात्रभर झोप आली नाही, कारण त्यात दोन गेलेल्या खेळ्यांना (शिमग्यात नाचणाऱ्या कलाकारांना) श्रद्धांजलीचा शॉट होता आणि त्यांची नावंच आली नाहीत. तेव्हापासून दुसऱ्या मशिनवर न्यायच्या आधी मी सगळ्या लिंक रेंडर अँड रिप्लेस करतोच, आणि दाखवायला प्रोजेक्ट नाही तर तयार फाइल नेतो, दोन पेन ड्राइव्हवर. हेही माहीत असू दे की प्रीमियरचा प्रोजेक्ट मॅनेजर फुटेज गोळा करतो पण लिंक केलेल्या एईच्या कॉम्प गोळा करत नाही. त्यासाठी एईमध्ये फाइल, डिपेंडन्सीज, कलेक्ट फाइल्स वेगळं करावं लागतं.

तुझ्या मित्राचं. डाविंचीला डायनॅमिक लिंक नाही. त्याला आधी सांग की २०१८ पासून डाविंचीच्या आतच फ्यूजन (मोशन ग्राफिक्सचं साधन) आहे, क्लिपवर राइट क्लिक करून न्यू फ्यूजन क्लिप केलं की बाहेर कुठे जावंच लागत नाही, नकाशा आणि अक्षरं तिथे आरामात होतील. एईच हवं असेल तर टाइमलाइन एएएफ किंवा एक्सएमएल (कटची नोंद असलेली फाइल) करून एक्सपोर्ट करायची आणि एईच्या इम्पोर्टमधल्या प्रो इम्पोर्टने उघडायची, कट आणि साध्या हालचाली येतात, रंगाचं काम येत नाही. पण आठ शॉटसाठी मी हे करणार नाही. तेवढे शॉट पुढे-मागे १२ फ्रेम जास्त ठेवून प्रोरेझ किंवा तसल्याच डीएनएक्सएचआर फॉरमॅटमध्ये काढायचे, फाइलच्या नावात शॉटचा नंबर द्यायचा, एईमध्ये काम करायचं, आणि त्याच लांबीचं, त्याच नावापुढे व्ही१ लावून परत द्यायचं. फ्रेम रेट २५ का ३० तेवढं दोघांनी आधी बोलून घ्या, एईमध्ये फुटेज आल्या आल्या इंटरप्रिट फुटेजमध्ये तो आकडा तपासायचा.

तू आत्ता काय कर, ऑटो सेव्हमधून मूळ कट परत आण, खूण काढतानाचा एकच शॉट घे, कॉपी वर झोपव, १२ फ्रेम वाढव, मार्कर लाव आणि पाठव. तो एक शॉट जाऊन परत नीट आला की स्क्रीनशॉट टाक, नकाशाच्या कॉम्पमध्ये वाडीची नावं रस्त्याबरोबर कशी उमटवायची ते मग त्याच्यावरच दाखवतो.